बीपीच्या गोळीने वजन वाढतं का? वाढलं तरी गोळी सोडू नका, आधी तिचं नाव विचारा

पोस्ट लांब आहे, आधीच सांगतो. पण घरात बीपीची गोळी घेणारं कुणी असेल तर दहा मिनिटं काढून वाचा. आणि आपल्या वसई-विरारमध्ये असं कुणीच नसलेलं घर आता शोधावंच लागेल.

सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज जोरात फिरतोय. बीपीच्या गोळ्यांनी अंगावर चरबी चढते, कंपन्या हे लपवतात, गोळ्या बंद करा आणि अमुक काढा सुरू करा. सोसायटीच्या ग्रुपवर येतो, भजनी मंडळाच्या ग्रुपवर येतो, पॅरिशच्या ग्रुपवरही येतो. पाठवणारे सगळे चांगल्या मनाने पाठवतात. त्याचे परिणाम मात्र मला माझ्या काउंटरवर दिसतात.

मी डॉक्टर नाही, फार्मासिस्ट आहे. पश्चिम रेल्वेच्या या टोकाला औषधांच्या दुकानात उभं राहून मला वीसेक वर्षं झाली. कुणाला कुठली गोळी किती द्यायची हे सांगणं माझं काम नाही आणि या पोस्टमध्ये ते मी सांगणारही नाही. पण डॉक्टरांना न दिसणारी एक गोष्ट आम्हाला दिसते, ती म्हणजे कोण गोळी न्यायचं थांबलं. महिन्याच्या तीस गोळ्या नेणारी बाई एक दिवस म्हणते, "पंधराच द्या." मग, "दहा द्या, बाकी घरी आहेत." मग येतच नाही. कधी बाजारात भेटली आणि विचारलं, तर सांगते, "भाऊ, गोळी सुरू केल्यापासून मी फुगत चाललेय. आणि बीपी तर आता नॉर्मल आहे, कशाला घ्यायची?"

बीपी नॉर्मल आहे ते गोळीमुळे, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

यातल्या काहींचे मुलगे पुढे वर्षा-दोन वर्षांनी वेगळीच चिठ्ठी घेऊन येतात. रक्त पातळ ठेवायची गोळी, फिट येऊ नये म्हणून गोळी, सोबत मोठ्यांचे डायपर. चिठ्ठी वाचली की घरात काय झालं ते विचारावं लागत नाही. म्हणून हे लिहितोय.

तो मेसेज साफ खोटा असता तर काम सोपं होतं. अडचण अशी की त्यात चार आणे खरं आहे. आणि ते चार आणे खरं आपण मोकळेपणी सांगत नाही, म्हणून बाकीचे बारा आणे खोटं खपतं. बाई दवाखान्यात म्हणते, "वजन वाढलं." उत्तर येतं, "खाणं कमी करा." संपलं. तिची तक्रार कुणी तपासलीच नाही. मग ती ज्या मेसेजने तिचं ऐकलं त्याच्यावर विश्वास ठेवते.

तर आधी ते चार आणे खरं काय, ते बघू.

बीपीची गोळी ही एक गोळी नाही, चार-पाच वेगवेगळी घराणी आहेत. वसईत आडनाव ऐकलं की माणूस कुठल्या गावचा, कुठल्या आळीतला, याचा अंदाज येतो ना? तसंच या औषधांचं आहे. ब्रँडचं नाव काहीही असू दे, पट्टीवर त्याच्याजवळ औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं. त्या नावाचा शेवट बघा.

शेवटी "-लॉल" असेल, म्हणजे अटेनोलॉल, मेटोप्रोलॉल, प्रोप्रानोलॉल, तर ती बीटा ब्लॉकर. शेवटी "-सार्टन" असेल, जसं टेल्मिसार्टन, लोसार्टन, तर ते दुसरं घराणं. "-प्रिल" म्हणजे एनालाप्रिल, रामिप्रिल. "-डिपिन" म्हणजे अम्लोडिपिन, सिल्निडिपिन. आणि लघवीवाटे पाणी नि मीठ काढणाऱ्या गोळ्या, हायड्रोक्लोरोथायझाइड किंवा क्लोरथॅलिडोन.

यातल्या जुन्या "-लॉल" घराण्यावरचा वजनाचा आरोप बऱ्यापैकी सिद्ध झालेला आहे. 2001 मध्ये "हायपरटेन्शन" या वैद्यकीय नियतकालिकात तोवरच्या चाचण्यांचा आढावा आला होता. बीटा ब्लॉकर घेणाऱ्यांचं वजन इतरांपेक्षा साधारण 1.2 किलो जास्त भरलं. वाढ मुख्यतः सुरुवातीच्या काही महिन्यांत होते, नंतर बहुतेक थांबते. याचं कारण समजायला सोपं आहे. अ‍ॅड्रेनालिन शरीराला "पळ, जाळ, खर्च कर" असा निरोप देतं. ही गोळी तो निरोप अडवते. त्यामुळे हृदय शांत चालतं, बीपी उतरतं. पण साठवलेली चरबी बाहेर काढायचा निरोपही त्याच वाटेने येतो, तोही थोडा अडतो. बसल्याजागी जळणारी ऊर्जा थोडी कमी होते. जिना चढताना लवकर दम लागतो, मग माणूस चालणं टाळतो आणि शेअर रिक्षात बसतो.

सगळे "-लॉल" मात्र सारखे नाहीत. 2004 मध्ये अमेरिकेतली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. रुग्णांना मधुमेह आणि बीपी दोन्ही होतं. मेटोप्रोलॉल घेणाऱ्यांचं वजन पाच महिन्यांत सरासरी 1.2 किलो वाढलं, कार्वेडिलॉल घेणाऱ्यांचं जवळजवळ होतं तिथेच राहिलं. म्हणजे एकाच घराण्यातही फरक असतो.

"-सार्टन" आणि "-प्रिल" यांनी चरबी वाढत नाही. पाणी काढणाऱ्या गोळीने सुरुवातीला काटा उलट थोडा खाली येतो, पण ते पाणी असतं. त्या गोळीत पोटॅशियम आणि साखरेकडे लक्ष ठेवावं लागतं, तो वेगळा विषय.

राहिली अम्लोडिपिन. आपल्याकडे ही भरपूर खपते. हिने पाय सुजतात, विशेषतः घोट्याजवळ, संध्याकाळी जास्त, आणि डोस वाढला की आणखी. चप्पल घट्ट होते, पैंजण रुततात, आणि बाई म्हणते मी जाड झाले. पण ही चरबी नाही. घोट्याच्या वर अंगठा काही क्षण दाबून धरा. खड्डा पडून तसाच राहिला तर ते पाणी. हे डॉक्टरांना सांगितलं तर ते डोस कमी करतात, सोबत "-सार्टन" किंवा "-प्रिल" जोडतात, किंवा सिल्निडिपिनसारखी कमी सूज आणणारी गोळी देतात. उपाय आहे, पण सांगितलं तरच.

आता हिशोब करू. ज्याला ही पोस्ट पूर्ण वाचायची नाही त्याने निदान एवढा परिच्छेद वाचावा. वजन एक किलोने बदललं की वरचं बीपी साधारण एका अंकाने बदलतं, असं बऱ्याच चाचण्यांच्या एकत्रित हिशोबात दिसलंय. म्हणजे बीटा ब्लॉकरने वाढलेल्या सव्वा किलोचा भुर्दंड झाला एक-सव्वा अंक. आणि बीपीची एक गोळी नेहमीच्या डोसमध्ये वरचं बीपी सरासरी नऊ अंकांनी उतरवते. वरचं बीपी दहा अंकांनी उतरलं तर पक्षाघाताचा धोका सुमारे 27 टक्क्यांनी कमी होतो, हे 2016 मध्ये "लॅन्सेट"मध्ये आलेल्या मोठ्या विश्लेषणात आहे. नऊ मिळतात, सव्वा जातो. एवढ्यासाठी कुणी गोळी सोडत असेल तर तो सौदा तोट्याचा आहे.

आणि बीटा ब्लॉकर एकदम बंद करणं तर फार धोक्याचं. इतके दिवस अडवलेला निरोप मग दुप्पट जोराने येतो. बीपी उसळतं, धडधड वाढते, हृदयाचा आजार असेल तर छातीत दुखणं आणि हार्ट अटॅकपर्यंत जाऊ शकतं. ही गोळी थांबवायची तर डॉक्टर हळूहळू कमी करत आणतात. हार्ट अटॅक येऊन गेलेले, हृदय कमजोर असलेले, ठोके अनियमित असलेले, यांना ती गोळी मुद्दाम दिलेली असते. तिथे सव्वा किलोचा विचार करायचा नसतो. गरोदर बाईला तर "-सार्टन" आणि "-प्रिल" चालतच नाहीत, तिला लॅबेटॅलॉलसारखं औषध दिलं जातं. तेव्हा ही पोस्ट वाचून "माझी लॉल बदलून द्या" असं भांडायला जाऊ नका. "मला ही कशासाठी दिली आहे?" एवढं विचारा.

हा प्रश्न विचारायला आज चांगलं कारणही आहे. नुसतं बीपी आहे, बाकी हृदयाचं काही नाही, अशा माणसाला पहिली गोळी म्हणून बीटा ब्लॉकर देणं बऱ्याच देशांनी मागे टाकलंय. ब्रिटनने 2006 मध्येच ते बदललं. मुख्य कारण वजन नव्हतं. पक्षाघातापासून संरक्षण तुलनेने कमी मिळतं आणि मधुमेहाचा धोका वाढतो, ही कारणं होती. आपल्याकडेही सप्टेंबर 2022 मध्ये राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांची नवी यादी आली, तिच्यातून अटेनोलॉल वगळलं गेलं. लक्षात घ्या, ही बंदी नाही. औषध बाजारात आहे आणि काहींना ते लागतंही. पण दहा-पंधरा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेली "-एटी" शेपटीची जोडगोळी, म्हणजे बहुधा अम्लोडिपिन आणि अटेनोलॉल एकत्र, अजून तशीच चालू असलेली माणसं मला दर आठवड्याला दिसतात. "मागच्याच द्या" म्हणतात आणि घेऊन जातात. मधल्या काळात शुगर लागली, पोट सुटलं, पण चिठ्ठी तीच. अशांनी जुनी चिठ्ठी घेऊन एकदा डॉक्टरांकडे जावं, एवढंच माझं म्हणणं.

दुसरी गोष्ट. वजन वाढलं की बीपीच्या गोळीवर आळ येतो, कारण तिचं नाव आपल्याला ठाऊक असतं. पण डब्यात ती एकटी नसते. शुगरची ग्लिमेपिराइड वजन वाढवते, पायोग्लिटाझोन वाढवते, इन्सुलिनही वाढवतं. सांधेदुखीवर कुठून तरी आणलेल्या बिननावाच्या पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेलं असू शकतं. त्याने चेहरा गोल होतो, पोट सुटतं, बीपी आणि शुगर दोन्ही चढतात. रोज घेतलेल्या पेनकिलरने अंगात पाणी धरतं आणि बीपीही वाढतं. थायरॉइड कमी पडलं तरी वजन वाढतं. म्हणून डॉक्टरांकडे जाताना सगळा डबा पिशवीत घालून न्या. पुड्या आणि काढ्यासकट.

आणि मीठ. मिठागरांच्या भागात राहणारी माणसं आपण. खारवलेली मासळी, पापड, लोणचं, स्टेशनवरचा वडापाव, विरार लोकलमध्ये वाटून खाल्लेलं फरसाण. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमच्या आत मीठ सांगते, म्हणजे जेमतेम एक चमचा. मीठ पाणी धरून ठेवतं, काटा वर जातो, गोळीचा जोर कमी पडतो, मग डॉक्टर डोस वाढवतात. आळ पुन्हा गोळीवरच.

एक धोक्याची खूण मात्र विसरू नका. दोन-तीन दिवसांत दोन किलो वजन वाढलं, पाय सुजले, आडवं झालं की दम लागतो, तर ती चरबीही नाही आणि गोळीचा साधा दुष्परिणामही नाही. ते हृदयाचं असू शकतं. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता काट्याबद्दल. नुसता वजनकाटा आपल्या लोकांना फसवतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच तपासणी करून 2004 मध्ये "लॅन्सेट"मध्ये छापली. दोघांचा बीएमआय सारखाच, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिक यांची 21.2 टक्के! दिसायला सडपातळ, आतून चरबी, ही आपल्या लोकांची ठेवण. म्हणून आपल्यासाठी कमरेचं माप महत्त्वाचं. पुरुषांची कंबर 90 सेंटिमीटरच्या आत, बायकांची 80 च्या आत. शिंप्याकडची टेप दहा-वीस रुपयांत मिळते. गोळी सुरू करायच्या दिवशी वजन आणि कंबर लिहून ठेवली, तर सहा महिन्यांनी "गोळीने वाढलं" की "आधीपासूनच वाढत होतं" हे भांडण राहत नाही. आकडे समोर असतात.

हे लिहून कोण ठेवणार? इथून पुढचं थोडं आपल्या शहराबद्दल.

2009 मध्ये चार नगरपरिषदा आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायती मिळून आपली महापालिका झाली. 2011 च्या जनगणनेतच आपण 12 लाखांवर होतो, आज किती ते गाडीच्या दारात लटकणाऱ्यांना विचारा. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशात पंधरा वर्षांवरच्या दर 100 जणांत 21 बायकांना आणि 24 पुरुषांना बीपी आहे. तोच हिशोब इथे लावला तरी आकडा लाखांत जातो. आणि यातला मोठा भाग पहाटेची लोकल पकडून रात्री नऊ-दहाला परत येणाऱ्यांचा आहे. सरकारी ओपीडीच्या वेळेत हा माणूस कधी चर्चगेटला असतो, कधी अंधेरीला. त्याने डॉक्टरांना "ही गोळी कशासाठी?" हे विचारायचं कधी?

"दवाखान्यात गर्दी असते, एवढं समजावायला वेळ कुणाला?" असं काही डॉक्टर मित्र म्हणतील. त्यांचं खरंही आहे. पण वजन करायला, कंबर मोजायला आणि कार्डावर लिहायला डॉक्टर लागत नाही. नर्सताई हे दोन मिनिटांत करू शकतात. आणि हे काही हवेतलं बोलणं नाही. भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रम 2017 च्या शेवटी सुरू झाला, तेव्हा महाराष्ट्रातले सुरुवातीचे जिल्हे होते सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा. पद्धत साधी. ठरलेली मोजकी औषधं (अम्लोडिपिन, सार्टन, पाणी काढणारी गोळी), प्रत्येक रुग्णाचं कार्ड, प्रत्येक भेटीची नोंद, आणि जो आला नाही त्याला शोधणं. साध्या सरकारी दवाखान्यांतून हे झालं. मग महामुंबईत राहणाऱ्या आपल्याला ते का मागता येऊ नये?

तर माझ्या मागण्या अशा. पुढच्या वेळी मतं मागायला येणाऱ्या प्रत्येकापुढे ठेवा:

1. महापालिकेच्या प्रत्येक आरोग्य केंद्रात बीपी तपासताना वजन आणि कंबरही मोजावी आणि रुग्णाकडच्या कार्डावर लिहावी.

2. त्याच कार्डावर गोळीचं मूळ नाव मराठीत, आणि ती कशासाठी दिली ते एका ओळीत. ज्याला हिंदी किंवा गुजराती वाचता येतं त्याला त्या भाषेत.

3. गोळी मध्येच बदलू नये. पुरवठा नाही म्हणून बदलावीच लागली तर रुग्णाला तोंडी सांगावं.

4. आठवड्यातून निदान एक दिवस रात्री दहापर्यंत किंवा रविवारी सकाळी बीपी-शुगरची ओपीडी. लोकलने जाणाऱ्यांसाठी.

5. आणि आम्हा दुकानदारांसाठी: पट्टी कापून देताना नाव आणि मुदतीची तारीख असलेला भाग राहील असं बघावं, नाहीतर पाकिटावर लिहून द्यावं. नाव नसलेली पांढरी गोळी घरी गेली की तिच्याबद्दल कुणाला काही विचारताच येत नाही.

गोळ्यांबद्दल तक्रार करणं म्हणजे अडाणीपणा, असं समजू नका. 1949 मध्ये आपल्या मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेने बीपी उतरतं हे ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडलं आणि जगभर ते औषध गेलं. 1957 मध्ये त्यांना लास्कर पुरस्कार मिळाला. त्या औषधाने जीव वाचले. पण मरगळ यायची, नाक चोंदायचं, काहींना नैराश्य यायचं, काहींचं वजन वाढायचं. लोकांनी ते सांगितलं, डॉक्टरांनी नोंदवलं, आणि पुढे कमी त्रासाची औषधं आल्यावर सर्पगंधा मागे पडली. तक्रार ऐकली गेली म्हणून औषधं सुधारली. मुकाट्याने गोळी बंद करणाऱ्याची तक्रार मात्र कुणाच्याच वहीत जात नाही, आणि त्रास त्याचा एकट्याचाच होतो.

म्हणून आज रात्री एवढं करा. घरातल्या आई-बाबांच्या, काका-मावशीच्या गोळ्यांची पट्टी बघा. नावाचा शेवट वाचा. एका कागदावर सगळ्या गोळ्यांची नावं, आजचं वजन, कमरेचं माप आणि पायाला सूज आहे का ते लिहा. पुढच्या भेटीला तो कागद डॉक्टरांसमोर ठेवा. तोपर्यंत गोळी चालूच ठेवा.

तुमच्या भागात संध्याकाळी किंवा रविवारी बीपी तपासून देणारं सरकारी केंद्र असेल तर कमेंटमध्ये नाव टाका, इतरांना उपयोग होईल. नसेल तर तेही लिहा. यादी झाली की आपण सगळे मिळून निवेदन देऊ.